तोलण्याआधी

पाषाणच्या गच्चीवर पंप रात्रभर घरघरतो.
सकाळी सहाला मी चिमट्यानं कागद उचलते,
गोल, मारी बिस्किटाहून लहान.
काल पांढरा होता,
आज चहाच्या गाळणीच्या रंगाचा.
वहीत लिहिते: चौदा डिसेंबर, आर्द्रता अठ्ठ्याऐंशी,
वारा नाही, टेकडी दिसत नाही.

कागद लगेच तोलायचा नसतो.
धूळ पाणी प्यालेली असते.
तिला काचेच्या पेटीत चोवीस तास बसवायचं,
चाळीस टक्क्यांवर.
पाहुण्याला आधी पाणी देतात, मग विचारपूस करतात,
इथं उलटं:
आधी पाणी काढून घ्यायचं, मग विचारायचं,
कुठून आलात, वाटेत कोण कोण भेटलं.

बालेवाडीच्या खोदकामातून, म्हणते ती.
काँक्रीटच्या मिक्सरमधून.
थोडी समुद्रापलीकडून, वाळवंटातून,
तिला इथं कोणी बोलावलं नव्हतं.

मे महिन्यात ती फारसं काही सांगत नाही.
हवा तापलेली, आर्द्रता चौदा.
नवले पुलावरच्या ट्रकांचा धूर
तिच्या अंगाला हात लावून पुढं जातो.
चार रेणू चिकटतात, जागा भरते,
दुकान बंद.

आणि मग असा एखादा दिवस.
कणावर पाण्याचा थर चढतो,
इतका पातळ की त्याला ओल म्हणायलाही जीभ अडखळते.
कुणा वायूला तो सांगतो, सरका, इथं मी बसलोय.
कुणाला आत घेतो.
गंधकाचा धूर त्यात विरघळतो, आंबतो, चुन्यात मुरतो.
नत्राचं आम्ल तर चुन्याचं मीठच करून टाकतं,
मीठही असं हावरट
की जवळजवळ कोरड्या हवेतूनसुद्धा पाणी ओढून घेतं,
कडा झिजतात, कोपरे जातात,
दगड होता तो थेंब होतो.
पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं
तेव्हा मला वाटलं काचेवरच दव आलंय.
पुसली. दोनदा.

धोत्रेकाका रात्रपाळीला गेटवर असतात.
त्याआधी एकवीस वर्षं वाघोलीला, खडी मशिनवर.
पाण्याचा पाइप त्यांच्याच हातात असायचा.
"तपासणीवाले यायचे तवा मारायचं पाणी,
धूळ बसते.
बसते म्हंजी काय, दिसत न्हाई."
मी कागद खाली नेताना विचारतात,
"आज किती भरली?"
उद्या कळेल, आधी वाळू दे.
ते हसतात, खोकतात, दोन्ही एकाच दमात.
"आमचं कोण वाळवतंय? धुकं पडलं की छाती
पोत्यावानी जड व्हती."

मी काही बोलत नाही.
मला आकडा माहीत आहे:
माणसाच्या छातीत आर्द्रता शंभराला टेकलेली असते,
मे असो, डिसेंबर असो,
तिथं दुकान बंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी तराजूचं दार लावते, श्वास धरते,
श्वासानंही काटा हलतो.
दोन पूर्णांक नऊ मिलिग्रॅम.
साधारण एक तीळ.
वहीत तारखेचा रकाना आहे, तापमानाचा, वजनाचा,
शेऱ्याचा, ज्यात मी बहुतेकदा एक आडवी रेघ मारते.
उडून गेलेल्या पाण्याचा रकाना नाही.
आज शेऱ्यात लिहिलं: पोत्यावानी.
मग खोडलं,
पण वाचता येईल असं.

गच्चीवर नवा कागद बसवते, पंप सुरू.
खाली गेटवर काका निघायच्या तयारीत,
सायकलला पिशवी अडकवून झाली आहे.
नाकातोंडावर मफलर गुंडाळण्याआधी
ते थांबतात,
आणि धुक्यातून एकदा
छाती भरून श्वास घेतात.